मी बंद पडलो नव्हतो, थांबलो होतो

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. 'जुने' म्हटले म्हणून लगेच हळहळू नका. मला कुणाची कीव नको. माझी काच ओरखड्यांनी भरली आहे, माझी पांढरी तबकडी दुधावरच्या सायीसारखी पिवळसर झाली आहे आणि दिवसाकाठी मी थोडा मागे पडतो, हे सगळे मी आपणहून सांगतो. पण एक गोष्ट मी कधीच ऐकून घेणार नाही. मला कुणी 'बंद पडलेलं घड्याळ' म्हणायचे नाही. मी बंद पडत नाही, मी थांबतो. या दोन शब्दांत काय फरक आहे, तेवढे सांगायलाच आज तोंड उघडले आहे. जरा सरसावून बसा.

माझ्या पोटात सेल नाही. मला चावीही देता येत नाही. माझ्या कडेला जी बारीक खुंटी दिसते, ती फक्त काटे पुढेमागे करण्यापुरती. मग मी चालतो कसा? माझ्या पाठीच्या झाकणाखाली एक जड, अर्धगोल पत्रा आहे, अगदी अर्ध्या चंद्रासारखा. तो मोकळा फिरतो. तुम्ही हात हलवलात की तो गरगरतो आणि आतली स्प्रिंग गुंडाळत जातो. ती स्प्रिंग सावकाश उलगडते आणि माझे काटे चालवते. म्हणजे तुम्ही भिंत रंगवा, कपडे पिळा, नाहीतर भांडताना हातवारे करा, माझे पोट भरते. हात स्वस्थ बसला की साठवलेल्यावर मी एखादी रात्र काढतो आणि मग थांबतो. याला लोक 'स्वयंचलित' म्हणतात. मोठे गमतीचे नाव आहे. स्वतःहून तर मी काहीच करत नाही!

माझा जन्म एका लांबलचक, शांत खोलीत झाला. तिथे बोलायला बंदी नव्हती, शिंकायला होती. शिंक आली की नाक दाबून बाहेर पळायचे, कारण आमचे स्क्रू मोहरीहून बारीक, एका शिंकेत सगळे टेबलाखाली. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने मला जुळवले. शेवटचे चाक बसवून तिने मला हातात घेऊन नुसते एकदा हलवले. मी टिकटिकलो. "उठलं गं बाई," ती शेजारणीला म्हणाली. माझ्या कानावर पडलेले ते पहिले शब्द. पुढे मला पुष्कळ काही म्हटले गेले, पण तो पहिला आशीर्वाद मी सोडला नाही.

मला विकत घेतले ते एका बुवांनी. हे बुवा दर आठवड्याला प्रार्थनेच्या हॉलात प्रवचन करत. नुसते बोलके नव्हे, गाते प्रवचन. उभे राहून देवाची गोष्ट सांगायचे, सांगता सांगता गाऊ लागायचे, गाता गाता त्यांचे डोळे भरायचे, आणि लोक पदर-रुमाल शोधू लागले की असा काही विनोद करायचे की रडणारे सगळे खो खो हसायचे. मित्रांनो, ज्याने असे प्रवचन ऐकले नाही त्याचे कान अजून उपाशी आहेत, असे मी समजतो.

बुवांच्या डाव्या बाजूला पेटी घेऊन एक बाई बसत. त्यांना सगळे पेटीबाई म्हणत. बुवांना एकच खोड होती. गोष्ट रंगली की त्यांना वेळेचे भान राहत नसे. मुले झोपून जात, म्हाताऱ्यांच्या पायांना मुंग्या येत, दाराशी चपला घालून उभ्या असलेल्या माणसांचीही पंचाईत होई, कारण निघावेसेही वाटत नसे. म्हणून एके दिवशी बुवांनी भर हॉलात मला बाईंच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "बाई, वेळ तुम्ही सांभाळा. मी फार वाहवलो की एक सूर धरून ठेवा, सोडू नका. मी काय ते समजेन."

बाईंनी मला डाव्या मनगटावर बांधले. त्या दिवसापासून माझे भाग्य उघडले.

का, ते सांगतो. पेटी वाजवताना उजवा हात पट्ट्यांवर फिरतो आणि डावा हात मागचा भाता हलवतो. भाता म्हणजे पेटीची फुप्फुसे. पुढे, मागे, पुढे, मागे. तो हात थांबला की बोटे कितीही नाचवा, पेटी मुकी. आणि नेमक्या त्याच हातावर मी! गाणे संथ चालले की माझा अर्धचंद्र झोपाळ्यासारखा झुले, आणि शेवटचा गजर सुरू झाला की मला गरगरायला होई. एकाच हाताने बाई पेटीत वारा भरत आणि माझ्यात जोर. पेटी आणि मी सख्खी भावंडेच म्हणा ना, एकाच हातावर वाढलेली.

बुवा एकदा पेटीकडे बोट दाखवून म्हणाले होते, "हिच्या पोटात सगळे सूर आधीच बसवलेले आहेत. पण नुसते बसून राहतात! भाता हलला की गातात. माणसाचं काय वेगळं आहे? भाता देवाने दिलाय. हलवायचा कुणी? तो पण त्यानेच येऊन हलवायचा का?" लोक हसले. मी मात्र ते वाक्य जपून ठेवले.

वेळ भरत आली की बाई माझ्याकडे एक नजर टाकत आणि एक लांब सूर धरत. बुवा वाक्य अर्धे सोडून हात जोडत, "धरला! बाईंनी सूर धरला. चला, आता देवालाही घरी जाऊन जेवायचंय." सगळा हॉल हसे आणि शेवटची प्रार्थना सुरू होई. म्हणजे हॉल मीच चालवत होतो, असे म्हणायला हरकत नाही. निदान मी तरी तसे समजत होतो.

मग बाजारात क्वार्ट्ज घड्याळे आली. त्यांच्या पोटात सेल असतो. सेलच्या विजेवर एक इवलासा स्फटिक थरथरतो, ती थरथर मोजून काटा टिचकी मारल्यासारखा पुढे पडतो. ती हलकी असतात, स्वस्त असतात आणि माझ्यापेक्षा कितीतरी बिनचूक असतात. हे मी मान खाली घालून सांगत नाही, खरे आहे म्हणून सांगतो. त्यांना खुंटीला टांगा, कपाटात टाका, विसरून जा, ती चालतच राहतात. हॉलातल्या एकेका मनगटावर ती दिसू लागली. ताल धरणारा गडी तर माझी थट्टा करण्याची एक संधी सोडत नसे. "बाई, तुमचं घड्याळ बुवांच्याच घराण्यातलं दिसतंय. वेळेवर कधी येतच नाही!"

बाई काटे नीट लावत म्हणत, "असू दे. माझ्याशिवाय त्याचं चालत नाही. तुझं घड्याळ तुला ओळखतं तरी का?"

मित्रांनो, हे ऐकून मी चार बोटे... नव्हे, तिन्ही काटे हवेत गेलो!

पण दिवस सारखे राहत नाहीत. एका सकाळी चहा पिताना बाईंच्या डाव्या हातातून कप निसटला. कप फुटला. बाई "अगं बाई" म्हणायला गेल्या आणि शब्द तोंडातच घोळला. त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले होते. दवाखान्यात नर्सने मला सोडवून चष्मा आणि केसांच्या आकड्यांबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. पिशवी लोखंडी कपाटात गेली. मी साठवलेले सगळे खाल्ले, मग उरलेसुरले चाटूनपुसून खाल्ले, आणि थांबलो.

बाई वाचल्या. बोलणे परतले, पाऊलही जमिनीवर टेकू लागले, पण डावा हात मांडीवर पडून राही, कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा. घरी पिशवी उघडली तेव्हा बाईंची मुलगी मला कानाशी धरून म्हणाली, "हेही बंद पडलं." तो 'ही' खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. तिने जीभ चावली. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बाईंचा जावई मोठा मायाळू आणि कामाला तत्पर माणूस. सासूबाईंसाठी काहीतरी करावे म्हणून तो मला घेऊन तडक घड्याळांच्या दुकानात गेला.

"यात नवीन सेल टाका," त्याने ऐटीत सांगितले.

दुकानदाराने माझे झाकण उघडले आणि त्याच्यापुढे धरले. "शोधा बरं तुम्हीच. सापडला तर दोन टाकतो."

जावई डोकावून डोकावून पाहत राहिला. "म्हणजे काढून घेतला कुणी?"

"अहो, याला सेल नसतोच. घालणाऱ्याचा हात हाच याचा सेल. घालतं कोण?"

जावयाने सगळे सांगितले. दुकानदाराचे हसू मावळले. मला पुसून त्याने बाजूला ठेवले आणि म्हणाला, "मग खरं सांगू का? हात हलत नसेल तर हे रोज थांबणार. रोज ते मेलेलं घड्याळ बघून आजारी माणूस खचतं. सेलवालं न्या. वजनाला हलकं, बघायचीच गरज नाही." त्याने एक सोनेरी, पातळ, देखणे क्वार्ट्ज घड्याळ काढले. त्याचे बोलणे चुकीचे नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. म्हणूनच ते जास्त बोचले.

अशा रीतीने आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी आलो. ते तुकतुकीत आणि चालते, मी ओरखडलेला आणि थांबलेला.

"आई, हे घाला," जावई म्हणाला. "याला काही म्हणजे काही करावं लागत नाही."

बाईंनी ते उचलले, छान आहे म्हणाल्या, खाली ठेवले. मग उजव्या हाताने मला घेतले, हळूच हलवले आणि कानाशी धरले. सूर लागला आहे का हे बघायला त्या पेटीशी कान नेत, अगदी तसे. मी टिकटिकलो. केवढ्या मोठ्याने टिकटिकलो म्हणून सांगू! तुम्हाला ऐकू आले नसते, पण माझ्या मते ती गर्जना होती.

"हे बंद नाही पडलं," बाई म्हणाल्या. "थांबलं होतं. डाव्या हातावर बांधा."

"आई, डाव्या?" मुलगी कळवळली. "अगं, ते रोज थांबेल. रोज तुला त्रास होईल."

"थांबू दे की. तुम्ही सगळे मला 'छान चाललंय, छान चाललंय' म्हणता. तुम्ही माझी माणसं, तुम्ही असंच म्हणणार. हे कुणाचं कुणी नाही. हे खरं सांगेल."

कोपऱ्यात बाईंचे यजमान बसले होते. आयुष्यभर बसडेपोत फिटर म्हणून राबलेले, आता घरी बसलेले. सगळे त्यांना काका म्हणत. ते उठून आले. मला बाईंच्या मनगटावर बांधताना पट्ट्याचे टोक काही केल्या भोकात जाईना.

तर मित्रांनो, आता पैज लागली होती. एका बाजूला दुकानदाराचे शहाणपण, दुसऱ्या बाजूला बाई आणि मी. बाईंना पुन्हा भाता हलवायचा होता. हात फिरेल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. "प्रयत्न करत राहा" एवढेच म्हणत. आणि रोज किती प्रयत्न झाला याची साक्ष द्यायची होती मला.

व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. तिला घरात ताई म्हणत. "आजी, टेबल पुसायचं. इकडून तिकडे. टेबल स्वच्छ आहे, ठाऊक आहे मला, तरी पुसायचं!" बाईंचा डावा हात फडक्यावर ठेवलेला असे. तो बोटभर सरके, की माझा अर्धचंद्र जरासा कलंडे. तेवढ्यावर माझे काय भागणार? मी लटपटत काही पावले टाकी आणि थांबे. रात्री मला काढून उशाशी ठेवलेले असे; बाई सकाळी डोळे उघडत, मला कानाशी नेत आणि खाली ठेवत. मी रोज त्यांना वाईट बातमी दिली. मला आनंद होत होता का? मुळीच नाही. पण मला त्यासाठीच बांधले होते, आणि मी हटलो नाही.

हळूहळू हात सरकू लागला. मी सकाळच्या न्याहारीपर्यंत तग धरत होतो तो दुपारच्या जेवणापर्यंत धरू लागलो. मग पुन्हा घसरलो. मग पुन्हा सावरलो. बाई कधी माझ्यावर चिडत, "एवढं पुसलं टेबल, झिजलं असेल, तरी तू तसाच!" आणि लगेच पुन्हा फडके ओढून घेत. चिडल्या की त्यांचा हात जास्त सरकतो, हे माझ्या लक्षात आले होते.

आणि मग एके दिवशी एक विलक्षण गोष्ट घडली. सकाळी बाईंनी मला कानाशी धरले आणि मी चालत होतो!

"अहो! अहो, ऐका तरी! रात्रभर चाललंय!"

काका स्वयंपाकघरातून धावत आले. "बघ! मी म्हणत नव्हतो?" घरात आनंदीआनंद झाला. मुलीला फोन, जावयाला फोन. दुसऱ्या दिवशीही मी चालत होतो. तिसऱ्याही. सगळे माझे कौतुक करत होते. आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला तेवढी शरम कधी वाटली नाही.

कारण काय घडत होते, ते फक्त मला आणि काकांना ठाऊक होते. पहाटे बाई गाढ झोपेत असताना काका पाय न वाजवता येत, मला उशाजवळून उचलत, आपल्या हातावर बांधत, बाथरूमच्या दाराशी स्टूल घेऊन बसत, आणि बूट पॉलिश करू लागत. ब्रश सपासप पुढेमागे. माझा अर्धचंद्र गरगर. डेपोतला हात तो, त्यात अजून जोर होता! आपले बूट झाले की मुलीचे जुने बूट, जावयाने विसरलेले बूट, पावसाळी बूट. पोटभर जेवण झाले की मला पुन्हा उशाशी. बिचाऱ्याला सकाळचा तो पडलेला चेहरा बघवत नव्हता.

मी काय करू शकत होतो? स्प्रिंग भरली की मला चालावेच लागते. मी ओरडू शकत नाही, काटे उलटे फिरवू शकत नाही. मी चालत होतो आणि प्रत्येक ठोक्याला खोटे बोलत होतो. आणि त्या खोट्याचा परिणाम मनगटावर बसल्या बसल्या मला दिसत होता. टेबल पुसणे कमी झाले. "आज राहू दे गं," बाई ताईला म्हणू लागल्या, "चाललंय की घड्याळ." ताई गोंधळून हाताकडे बघे, माझ्याकडे बघे. हात पुन्हा मांडीवर विसावू लागला. मला हवे होते ते फक्त एकच, बाईंच्या देखत थांबणे. आणि तेवढेच मला करता येत नव्हते.

देवाला काळजी. बाईंना ताप आला. त्या दिवसभर आणि रात्रभर निपचित पडून होत्या. मला मनगटावरून काढून खिडकीत ठेवले होते. सकाळी ताप उतरला. बाईंनी मला मागून घेतले, कानाशी धरले आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मी आपला ठणठणीत चाललो होतो. नालायकासारखा.

"अहो, इकडे या."

"काय गं, चहा आणू?"

"चहा मागाहून. काल मी हात हलवला का?"

"अं... थोडा हलवला असशील झोपेत."

"घड्याळ खिडकीत होतं. खिडकी हलली का झोपेत?"

काका भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे फार लक्षपूर्वक बघू लागले.

"आणि मला सांगा," बाई शांतपणे म्हणाल्या, "घरातले सगळे बूट आरशासारखे का चमकतायत? परवा ताई म्हणाली, काकांचे बूट बघून मी केस नीट केले. जावयांचे इथे पडलेले बूट चमकतात. माझे बूट चमकतात! मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, माझ्या बुटांवर धूळ बसायला हवी होती. धूळ कुठे गेली?"

काका पलंगाच्या कडेला बसले. मोठा माणूस, पण खांदे पार खाली आले. "सकाळी तू ते कानाशी धरतेस ना," ते म्हणाले, "तेव्हा तुझा चेहरा... मला नाही बघवत गं. मग म्हटलं, मला बाकी काही येत नाही. ब्रश मारता येतो."

बाईंचा राग त्यांच्या उजव्या हातात आला, त्या हाताने त्यांनी मला घट्ट धरले. "मला फसवलंत ते एक वेळ चाललं असतं. पण याला खोटं बोलायला लावलंत! या घरात खरं बोलणारं हे एकच होतं. त्यालाही फितवलंत?"

मी म्हटले, जय हो! शेवटी कुणीतरी माझी बाजू मांडली.

"मग मी काय करू?" काका म्हणाले. "मी काहीच करू नको का?"

बाईंनी मला मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "चेहरा बघवत नाही तर चेहरा बघू नका. हात बघा. मी टेबल पुसेन तेव्हा समोर बसा आणि ओरडा माझ्यावर. डेपोतल्या पोरांवर ओरडायचात तसं. आणि ते सोनेरी घड्याळ आणा इकडे."

काकांना वाटले, संपले. आता ही सेलवाले घड्याळ घालणार. मलाही क्षणभर तसेच वाटले, आणि माझा एक ठोका चुकला, हे खोटे सांगत नाही. बाईंनी ते क्वार्ट्ज घेतले आणि काकांच्या मनगटावर ठेवले.

"तुम्ही घाला. तुमच्या हाताला सेलवालंच बरं. तुमचा हात लबाड आहे."

काका आधी रडले, मग हसले, मग दोन्ही एकदम. बुवा असते तर त्यांनी यावर एक पद रचले असते.

दुसऱ्या दिवशी मी न्याहारीलाही पोचलो नाही. थांबलो. बाईंनी मला कानाशी धरले, मान हलवली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. फडकं द्या." काका समोर बसले आणि गरजले, "अगं, ते टेबल आहे की देवाचं तोंड, एवढं हळू पुसायला? लाव जोर!" बाई म्हणाल्या, "माझ्याशी असं बोलता?" आणि चिडून हात असा सरकवला की फडके खाली पडले. दोघेही फडक्याकडे बघत राहिले. आजारी पडल्यापासून त्या हाताला काही पाडण्याइतका जोर आलाच नव्हता.

स्पष्टच सांगतो, चमत्कार वगैरे झाला नाही. हात पहिल्यासारखा झाला नाही, होणारही नाही. महिने गेले. टेबलावरच्या फडक्यावरून हात पेटीवर गेला. बाईंची बोटे भात्याच्या पट्टीला अडकवायला ताई मदत करी. पहिल्यांदा पेटीतून जो आवाज आला तो सुराचा नव्हता, सुस्काऱ्याचा होता. काका म्हणाले, "पेटीला दम लागलाय." बाई म्हणाल्या, "लागू दे. दम लागतो म्हणजे श्वास चालू आहे."

आणि मग तो दिवस उजाडला. सगळे मिळून प्रार्थनेच्या हॉलात गेलो. रस्ता खोदलेला, सगळ्यांचे बूट धुळीने माखले. बाईंच्या जागी आता एक तरुण पेटीवाला बसत होता. बुवा खूप थकले होते, पण बाईंना दारात बघून त्यांनी गोष्ट तिथेच सोडली. "शेवटची प्रार्थना बाई वाजवतील," ते म्हणाले. तरुण पेटीवाला उठला आणि त्याने स्वतः पेटी सरकवली. भाता मी हलवतो, असे तो हळूच म्हणाला. बाई म्हणाल्या, "बाळा, त्या हातावर घड्याळ आहे माझं. त्याला उपाशी ठेवू नकोस."

त्यांनी भाता ओढला. पुढे... मागे... मध्येच हात अडे, सूर विरून जाई, पुन्हा उठे. आयुष्यभर वेळ न पाळणारे बुवा त्या दिवशी बाईंच्या हाताबरोबर गायले. हात थांबला की तेही थांबत, हात हलला की पुढचा शब्द घेत. अख्खा हॉल त्या हाताबरोबर श्वास घेत होता. इतकी संथ प्रार्थना तिथे कधी झाली नव्हती. शेवटी बाईंनी एक सूर धरला. लहानसा, थरथरता. बुवा हात जोडून म्हणाले, "धरला..." आणि पुढचा विनोद त्यांना सुचलाच नाही.

बाई दमून मला हातावर ठेवूनच झोपल्या. सकाळी डोळे उघडल्यावर त्यांनी मला सोडवले आणि कानाशी धरले. मी चालत होतो. कुणाच्याही मदतीशिवाय, अगदी स्वतःच्या... नव्हे, बाईंच्या हातावर.

त्या हसल्या नाहीत. त्या उठून बसल्या आणि हाक मारली, "अहो! आधी बूट दाखवा."

काका बूट घेऊन पलंगाशी येऊन उभे राहिले. त्यांनी ते वर धरले, एक एक करून उलटसुलट फिरवून दाखवले. बुटांवर कालच्या रस्त्याची धूळ जशीच्या तशी होती. पलंगावर मातीचे दोन-चार खडे पडले. बाईंनी ते उचलले आणि एवढ्या आनंदाने बघितले, जणू सोन्याचे होते.

तर मित्रांनो, उद्या तुम्ही घड्याळ घ्यायला गेलात आणि दुकानदाराने आमच्या दोघांना तुमच्यासमोर ठेवले, तर खुशाल क्वार्ट्ज घ्या. ते चांगले आहे, खरे चालते, काकांचे अजून चालते आहे. पण मला घ्याल तर मला मखमली डबीत ठेवून जपू नका. जपण्याने मी उपाशी मरतो. मला कामाला लावा, घासा, ओरखडे पडू द्या, मधून मधून उघडून तेलपाणी करा. आणि मी, किंवा माझ्यासारखे घरातले कुणी, कधी गप्प पडलेले दिसले तर 'बंद पडलं' म्हणून फेकायची घाई करू नका. दयाही नको आणि चोरून बूट घासणेही नको. आधी हातात घ्या, हलवा, कानाशी धरा.

बहुतेक वेळा ते नुसते थांबलेले असते.